बेंबी बसवण्याचा कार्यक्रम

त्या गुरुवारी दुपारी सामंतांच्या घरात सगळं ठीकठाक होतं, म्हणजे धनंजय सामंत ओरडत होते आणि बाकीचे ऐकत होते. विषय होता एसीच्या पाण्याचा. सामंतांच्या एसीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं अशी तक्रार घेऊन बिल्डिंगचा नातूर मोहिद्दीन दारात उभा होता. दुबईत वॉचमनला नातूर म्हणतात आणि सगळ्या तक्रारी त्याच्याच तोंडून पाठवतात.

"मोहिद्दीन, ये पानी नहीं है. ये कंडेन्सेशन है," सामंत म्हणाले.

"साब, कपडा तो गीला हुआ."

"कंडेन्सेशन से हुआ. समझो पहले."

स्वयंपाकघरात छायाताई अळूच्या पानांवर बेसन पसरत होत्या. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं स्नेहभोजन होतं आणि अळूवड्या त्यांच्याकडे होत्या. ईश्वरी ऑफिसातून आली तेव्हा आईने बेसनाचा हात वर करून कोपराने कपाळावरचे केस सारले आणि म्हणाली, "आलीस? त्या मोहिद्दीनला पाणी विचार गं. तुझे बाबा त्याला विज्ञान शिकवतायत."

नंतर ईश्वरीने ही दुपार पुष्कळदा उलटीपालटी करून पाहिली. कुठे काही खूण, काही सूचना? काहीही नाही. एक बाई वड्या करत होती आणि तिचा नवरा कंडेन्सेशन समजावत होता, बस.

धनंजय सामंत एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अ‍ॅडमिन मॅनेजर होते. शेकडो कामगारांचे व्हिसे, लेबर कार्डं, हेल्थ कार्डं त्यांच्या सहीने व्हायची. कार्डाची मुदत संपलेला कामगार समोर आला की ते चष्मा काढून त्याच्याकडे असं पाहायचे, की त्याला मुदत आपलीच संपली असं वाटावं. अशा माणसाच्या स्वतःच्या बायकोचं हेल्थ कार्ड संपून बरेच दिवस झाले होते. आज टाकू, उद्या टाकू करता करता ते राहून गेलं होतं. आता ते कंपनीची सरकारी कागदपत्रं करणाऱ्या लियाकतकडे होतं, आणि लियाकतला बजावलेलं होतं की ऑफिसात कुणाला कळता कामा नये. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. सामंतांच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच सांभाळल्या जायच्या.

संध्याकाळी छायाताईंनी ताटातला भात बाजूला सारला. "पोटात कसंसंच होतंय."

"गॅस," सामंत टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'पोट' या प्रकाराबद्दल आपल्याकडे फार ढिसाळपणा आहे. दुबईत घरपोच टपाल नाही. कंपनीचा एक पी.ओ. बॉक्स असतो. मॅनेजरचं, ड्रायव्हरचं, मावशीचं, बँकेचं सगळं त्यात पडतं, आणि ज्याच्याकडे किल्ली तो आपल्या मर्जीने वाटप करतो. आपलं पोट तसंच आहे. आत जठर आहे, यकृत आहे, पित्ताशय आहे, वारेमाप लांबीचं आतडं आहे, त्याला लोंबणारं अपेंडिक्स आहे. प्रत्येकाची तक्रार वेगळी, पण पत्ता एकच. आणि किल्ली नेहमी अशा माणसाकडे असते की जो लिफाफा न उघडताच सांगतो, गॅस.

ओवा झाला. हिंगाचं पाणी झालं. मग शेजारच्या रुपालीवहिनी आपल्या लहानग्या गिरिजाला घेऊन आल्या. त्यांच्या मते गॅस नव्हताच, पित्त होतं. "छायाताई, थंड दूध घ्या बघू घोटभर. माझ्या नणंदेचं असंच व्हायचं." छायाताईंनी दूध घेतलं आणि ते बेसिनमध्ये परत केलं. "पडलं ना? हेच पित्त!" रुपालीवहिनींना फार समाधान वाटलं. मंडळाचे सेक्रेटरी राजन टिपणीस यांना फोनवर सल्ला विचारला गेला. त्यांनी एरंडेल सांगितलं, आणि ते घरात निघालं हे दुर्दैव.

रात्र कशीतरी गेली.

शुक्रवारी सकाळी छायाताई पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या, आणि पडल्यापडल्या कुकरच्या शिट्या मोजत होत्या. ईश्वरी कडेला बसली.

"आई, कुठे दुखतंय? एक बोट ठेवून दाखव."

घरात हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. छायाताईंनाही तो नवा वाटला असावा. त्यांनी जरा विचार केला. "काल इथं होतं, बेंबीपाशी. पहाटे सरकलं. आता इथं." बोट खाली उजवीकडे गेलं, मांडीच्या जरा वर. ईश्वरीने तिथे हळूच दाबलं. दाबल्यावर दुखलं. हात उचलल्यावर त्याहून दुखलं, आणि आईने तिचं मनगट धरलं.

ईश्वरीने हातात पडेल ते वाचलेलं होतं. ती बाहेर आली आणि नेहमीच्या खालच्या, नीटस आवाजात म्हणाली, "बाबा, हे जठराचं दुखणं नाही. ते वर दुखतं, फासळ्यांच्या मध्ये, आणि खाण्याशी संबंध असतो. हे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली गेलंय. भूक नाही, उलटी झाली, अंगात कसर आहे. अपेंडिक्स असणार. हॉस्पिटलला जाऊ."

सामंतांनी पेपर खाली केला. "तू बी.ए. कशात केलंस?"

"इतिहासात."

"मग?"

या 'मग'ला मराठी घरात उत्तर नसतं. तरी तिने पुढे रेटलं. इमर्जन्सीत कुणी अडवत नाही, कार्ड नंतर दाखवता येतं, टॅक्सी खाली उभीच असते. कार्डाचा उल्लेख झाला आणि सामंत उठून उभे राहिले. त्यांनी लियाकतला फोन लावला.

"सर, आज जुम्मा है, छुट्टी है," पलीकडून झोपाळू आवाज आला. "कार्ड टाइपिंग में है. इन्शाल्ला कल."

"कल मतलब कल?"

"इन्शाल्ला, सर."

सामंतांनी फोन ठेवला. "ऐकलंस? उद्या. आज मी त्या काउंटरवर जाऊन काय सांगू? कार्ड एक्स्पायर्ड आहे? मी? तिथला माणूस मला नावाने ओळखतो, ईशू. कार्ड नसेल तर माणूस पाठवू नका, असं मीच साइटवर सर्क्युलर काढलंय."

"आई साइटवरची माणूस नाही, बाबा."

"आवाज."

तिचा आवाज चढलेला नव्हताच. पण तिच्या बाबांना चढणारे आवाज आधीच ऐकू येत.

एवढ्यात राजन टिपणीस वड्यांचा डबा न्यायला आले. टिपणीस मूळचे पुण्याचे, इथे एका इन्शुरन्स कंपनीत. जळालेली गोदामं बघून ती कशामुळे जळली ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळे कुठल्याही नुकसानाचं मूळ आपल्याला दारातूनच दिसतं, असा त्यांचा समज होता.

"काय वहिनी, उतरलं का एरंडेलाने?"

"नाही हो," आतून क्षीण आवाज आला. "बेंबीत होतं, ते इकडं खाली सरकलं."

टिपणीस थबकले. हातातली गाडीची किल्ली त्यांनी टीपॉयवर ठेवली. "काय म्हणालात? सरकलं?"

"हो ना."

"झालं तर मग! धनंजयराव, बेंबी सरकली!"

ईश्वरीला पुढे कितीतरी दिवस हा क्षण आठवला की आधी हसूच यायचं. कारण अपेंडिक्सची जगातली सगळ्यात स्पष्ट खूण, बेंबीपासून उजवीकडे खाली जाणारं दुखणं, त्या दिवाणखान्यात पुरावा म्हणून मान्य झाली. फक्त आरोपी भलताच पकडला गेला.

"काका, बेंबी सरकत नाही," ती म्हणाली. "ती जागेवरच आहे, बघा."

"वरून जागेवर दिसते गं. आतून सरकते. जड उचललं की हमखास. वहिनी, काल जड काही उचललंत?"

"अळूची पिशवी," छायाताई म्हणाल्या, आणि निकाल लागला.

सामंतांच्या चेहऱ्यावर चोवीस तासांत पहिल्यांदा तरतरी आली. का येणार नाही? अख्ख्या वैद्यकशास्त्रात हेच एक दुखणं असं निघालं की ज्याला हेल्थ कार्ड लागत नव्हतं.

उपाय टिपणिसांच्या आजीचा होता. बेंबीवर कणकेचा दिवा ठेवायचा, पेटवायचा आणि त्यावर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझतो, तांब्या चिकटून बसतो, आणि बेंबी ओढली जाऊन ठिकाणावर येते. यात तांब्या पितळेचा आणि अरुंद तोंडाचाच हवा. घरात स्टीलचे पेले होते, प्लास्टिकचा जग होता. झालं, फोन सुरू झाले! करामापासून शारजापर्यंत मराठी घरांत निरोप गेला की सामंतांकडे तांब्या हवा आहे. तासाभरात हॉस्पिटलला दोनदा जाऊन येता आलं असतं. तेवढ्या वेळात तीन तांबे आले, सोबत ते घेऊन येणारी माणसं आली, आणि प्रत्येकाने चपला काढता काढता विचारलं, "काय, गॅस का?"

तांब्यांवर चर्चा झाली. एकाचं तोंड रुंद पडलं. दुसरा टिपणिसांच्या मते तांब्याचा होता, पितळेचा नव्हता. त्यावर तो आणणारे गृहस्थ दुखावले आणि तोंड फिरवून बसले. चहाची आठवण छायाताईंनीच करून दिली. "ईशू, सगळ्यांना चहा ठेव गं. साखर वरच्या डब्यात आहे." त्याच अंथरुणावरून त्यांनी दिव्याची कणीक किती घट्ट हवी तेही सांगितलं, कारण रुपालीवहिनींनी ती सैल भिजवली होती.

मग पदर सारून, लाजेने मान भिंतीकडे वळवून त्या पडल्या. टिपणीस बाहेरून सूचना देत होते, रुपालीवहिनी आत अंमल करत होत्या. वातावरण शुद्ध असावं म्हणून सामंतांनी ओव्याची धुरी केली होती आणि ती पंख्याखाली फिरवत होते. गिरिजा दारात उभी होती. तिने मोठ्याने विचारलं, "ममा, व्हाय आर यू पुटिंग फायर ऑन छाया आंटी?"

"गप्प. प्रेयर आहे."

"डझंट लुक लाइक प्रेयर."

त्या घरात त्या दिवशी ईश्वरीच्या बाजूने बोललेली ती एकटीच.

तांब्या पालथा पडला. चिकटला. छायाताई एकदम कळवळल्या, असा आवाज त्यांनी आयुष्यात कधी काढला नसेल. मग त्या स्तब्ध झाल्या. कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे उघडले आणि आश्चर्याने म्हणाल्या, "थांबलं."

"थांबलं?"

"हो हो, थांबलं. एकदम मोकळं वाटतंय."

बाहेर टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. सामंतांनी टिपणिसांना मिठी मारली. 'आजी म्हणजे आजी', असं कुणीसं म्हणालं. आत काय थांबलं होतं, कशाने थांबलं होतं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ईश्वरीलासुद्धा नाही. तिचं वाचन उजव्या बाजूपर्यंत होतं, फुटण्यापर्यंत ती गेलेली नव्हती. सुजलेली गोष्ट फुटली की ताण जातो आणि काही वेळ फार बरं वाटतं, हे तिला दोन दिवसांनी एका सर्जनने सांगितलं.

आणि मग अलार्म वाजला.

ओव्याच्या धुरीचा मान राखून दिवाणखान्यातल्या छतावरचा डबा किंचाळायला लागला, त्याच्यामागे सगळी बिल्डिंग किंचाळायला लागली, लिफ्ट आपोआप बंद पडल्या. मोहिद्दीन जिने चढत धापा टाकत आला. "साब, क्या जलाया?"

"कुछ नहीं. मेडिकल प्रोसिजर."

"साब, सब को नीचे जाना पडेगा. यल्ला, यल्ला!"

आणि अख्खी बिल्डिंग जिन्याने खाली निघाली. फिलिपिनो नर्सिणी, सुदानी मास्तर, कडेवर पोरं घेतलेल्या मल्याळी बायका, आणि त्यांच्यामध्ये कठड्याला धरून, पोटाला हात लावून, छायाताई. ईश्वरीने त्यांना जवळजवळ उचललं होतं. "बरं वाटतंय गं मला," प्रत्येक मजल्याला त्या म्हणत होत्या.

खाली सिव्हिल डिफेन्सचा, म्हणजे तिथल्या अग्निशमन दलाचा, बंब आला. एका अधिकाऱ्याने सामंतांना बाजूला घेतलं आणि शांतपणे विचारलं की घरात आग कुणी लावली, कशाला लावली. 'बेंबी' या शब्दाला सामंतांकडे इंग्रजी होतं, अरबी नव्हतं. त्यांनी स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवून, मग तांब्याचा आकार करून, मग फुंकर मारून काहीतरी समजावलं. अधिकाऱ्याने खिशातून पेन काढलं. सगळ्या बिल्डिंगीसमोर सामंतांनी एका कागदावर सही केली की यापुढे घरात उघडी ज्योत लावणार नाही. सह्या घेणाऱ्या माणसाची सही घेतली गेली. त्यांचे कान लाल झाले होते.

बंबामागे नेमाप्रमाणे अ‍ॅम्ब्युलन्स आली होती.

छायाताई पायरीवर बसल्या होत्या, अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागच्या दारापासून हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ. दार उघडं होतं. आत पांढरी चादर घातलेला स्ट्रेचर दिसत होता. अ‍ॅम्ब्युलन्समधला माणूस खाली उतरला, गर्दीवरून नजर फिरवली, ती छायाताईंवर थांबली. "मॅडम ओके? एनीबडी सिक?"

"बाबा," ईश्वरी म्हणाली, "बघू दे ना त्यांना. आलेच आहेत तर."

सामंतांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दीत त्यांच्याच कंपनीचा एक फोरमन होता. तो तिसऱ्या मजल्यावर राहत असे.

"नो, नो," सामंत म्हणाले. "शी इज फाइन. एव्हरीबडी फाइन. खलास. थँक यू."

"आई, तू सांग."

"जाऊ दे गं," छायाताई पुटपुटल्या. "सगळे बघतायत."

दार बंद झालं, अ‍ॅम्ब्युलन्स गेली. टिपणीस वड्यांचा डबा घेऊन ऊद मेथाला गेले. संध्याकाळी फोनवर कळलं की वड्या पाच मिनिटांत संपल्या.

शनिवारी छायाताईंचं अंग तव्यासारखं तापलं आणि पोट पाटासारखं कडक झालं. आता सामंतही धावले. टॅक्सीत त्यांनी पाठ केलेलं सगळं, कार्ड रिन्यूअलला आहे, मी अमुक कंपनीचा अ‍ॅडमिन मॅनेजर, तसंच त्यांच्या तोंडात राहिलं. हॉस्पिटलमध्ये कुणी कार्ड मागितलं नाही. नर्सने एकदा पोटाला हात लावला आणि स्ट्रेचर पळवला. काउंटरवरच्या माणसाने सामंतांना ओळखलं, उठून उभा राहिला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. दुपारी लियाकत कार्ड घेऊन आला. कोरं करकरीत, लॅमिनेट केलेलं. फोटोत छायाताई किंचित हसत होत्या, कारण फोटोवाल्याने हसू नका म्हणून सांगितलं होतं.

सर्जन म्हणाले, उशीर झाला. म्हणाले, शुक्रवारी आणलं असतं तर. बाकीचं वाक्य त्यांनी सभ्यपणे सोडून दिलं. पुढचा आठवडा संपायच्या आत छायाताई गेल्या.

त्यानंतरचे कागद सामंतांनी फार व्यवस्थित केले. दाखला, व्हिसा रद्द करणं, कॉन्सुलेटचा शिक्का. एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा जावं लागलं नाही.

मुंबईचे विधी उरकून बापलेक दुबईला परतली, त्या शुक्रवारी लोक भेटायला आले. दिवाणखाना भरला. सोफ्यावर सामंत होते, शेजारी टिपणीस. ईश्वरी चहाचा ट्रे घेऊन एकेकासमोर वाकत होती, आणि तिच्या डोक्यावरून तीच कहाणी जात होती. दर वेळी ती जरा गोळीबंद होत चालली होती.

"पोट तर आम्ही शुक्रवारीच बरं केलं होतं," सामंत सांगत होते. "हिला विचारा. छाया सगळ्यांसमोर म्हणाली, मोकळं वाटतंय. स्वतःच्या पायाने जिना उतरली."

"तांब्या असा बसला होता ना," टिपणीस म्हणाले.

"मग हॉस्पिटलवाल्यांनी उघडलं."

"उघडायला नको होतं."

"तेच. उघडलं, आणि..." सामंतांनी हात वर केले. खोलीभर माना हलल्या. रुपालीवहिनी डोळे टिपत म्हणाल्या, "वेळ आली होती हो. कुणाच्या हातात काय असतं?"

"मी तर म्हणतो, त्या दिवशी ती अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवली, तो एक दिवस तरी तिला सुखाचा मिळाला," सामंत म्हणाले. "नाही का गं, ईशू?"

आयुष्यभर या प्रश्नाला एकच उत्तर होतं. हो बाबा. ते तिच्या जिभेवर आलंसुद्धा, सवयीने. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला. एक कप कलंडला, चहा टिपणिसांच्या पायाकडे धावला, आणि तिने तो पुसला नाही.

"गप्प बसा, बाबा."

आवाज चढलेला होता. खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. सामंत सोफ्यावरून अर्धवट उठले.

"ईश्वरी, लोक बसलेत..."

"बसू देत. मी शुक्रवारी सकाळीच सांगितलं होतं, कुठे दुखतंय ते सांगितलं होतं, तिने बोट ठेवून दाखवलं होतं. गॅस नव्हता. पित्त नव्हतं. बेंबी नव्हती. हॉस्पिटलने काही केलेलं नाही, राजनकाका, आणि वेळबीळ काही आली नव्हती." तिचा श्वास संपला. तिने तो पुन्हा घेतला. "तिला दुखत होतं, बाबा. माझ्या आईला दुखत होतं, आणि तुम्हाला लाज वाटत होती. एवढंच झालं त्या दिवशी. दुसरं काहीही झालं नाही."